ब्लॅकमेलला स्पॅनिशमध्ये काय म्हणायचं? काळं टपाल सोडून बरंच काही

माझं पहिलं पगारी भाषांतराचं काम पुण्यातल्या एका ऑफिसात होतं, नाव नको, ग्राहकांच्या तक्रारी इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये करून पुढे ढकलायच्या, दिवसाला साठ-सत्तर. त्यातल्या एकीत एका बाईने लिहिलं होतं की डिलिव्हरीवाला मला ब्लॅकमेल करतोय, पाच स्टार दे नाहीतर पार्सल परत नेतो. दुपारचे चार वाजलेले, चहा समोर, मी फार डोकं न लावता ठोकून दिलं "कोर्रेओ नेग्रो". कोर्रेओ म्हणजे टपाल, नेग्रो म्हणजे काळं, झालं की काम! दहा मिनिटांत पलीकडून मेक्सिकोच्या सुपरवायझर बाईंचा मेसेज, काळं पाकीट नेमकं कुणाला आलंय, फोटो आहे का?

तेव्हा लाजेने कान लाल झाले होते, पण त्या एका शब्दामागे मी नंतर इतकी लागले की आता माझ्याकडे स्पॅनिश शिकायला येणाऱ्यांना पहिल्याच महिन्यात हे सांगते. म्हटलं एकदा लिहूनच टाकू.

घाईत असाल तर उत्तर आहे चान्ताखे. स्पेलिंग सी एच ए एन टी ए जे ई. ब्लॅकमेल करणे म्हणजे चान्ताखेआर, करणारा किंवा करणारी चान्ताखिस्ता. एवढं घेऊन गेलात तरी बऱ्याच ठिकाणी निभेल. पण आपण मराठीत ब्लॅकमेल हा शब्द पोत्यासारखा वापरतो, फोटो व्हायरल करायची धमकी त्यात, गल्लीतल्या दादाचा हप्ता त्यात, आणि "तू आला नाहीस तर मी जेवणार नाही" म्हणणारी आईपण त्यातच. स्पॅनिश माणूस हे पोतं उलटं करून प्रत्येक वस्तू वेगळ्या डब्यात ठेवतो, आणि डबा चुकला की वाक्य चुकतं.

आधी टपालाचं भूत उतरवू. ब्लॅकमेलमधला मेल हा टपालाचा नाहीच. स्कॉटलंडच्या बोलीत मेल म्हणजे भाडं, खंड, सारा, असलं काहीतरी देणं. सोळाव्या शतकात इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या हद्दीवर गुरं पळवणाऱ्या टोळ्यांचा सुळसुळाट होता, रात्री यायचे, गोठा रिकामा करून जायचे. मग शेतकरी त्यातल्याच एखाद्या दांडग्या घराण्याला वर्षाला काहीतरी द्यायचा, की बाबा तू माझी गुरं नेऊ नकोस आणि दुसऱ्याला नेऊ देऊ नकोस. जमीनमालकाला द्यायचा तो साधा मेल आणि यांना द्यायचा तो काळा, आपण काळा बाजार म्हणतो तसला काळा. १६०१ मध्ये राणी एलिझाबेथच्या काळात याच्यावर कायदा झाला आणि त्यात गंमत म्हणजे घेणारा तर गुन्हेगारच पण देणारापण गुन्हेगार! बिचाऱ्या शेतकऱ्याने जायचं कुठे. पुढे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात रॉब रॉय मॅकग्रेगर (१६७१ ते १७३४) हा पण गुरं राखायचे म्हणून असेच पैसे घ्यायचा. गुपित फोडायची धमकी देऊन पैसे काढणं हा आजचा अर्थ बराच उशिरा, एकोणिसाव्या शतकात रुळला.

आता हे वाचून मला जी गोष्ट सुचली ती कुठल्या डिक्शनरीत मला दिसली नव्हती, आपल्याकडे अगदी हेच झालंय. गावाकडे जमीन खंडाने देतात, खंड म्हणजे वर्षाचं ठरलेलं देणं, खंडकरी शेतकरी हा शब्द आपण पेपरात वाचतोच. त्याच्याच घरातली खंडणी. इतिहासाच्या पुस्तकात अमक्या राजाने तमक्याला खंडणी दिली असं यायचं आणि त्यात कुणाला गुन्हा वाटायचा नाही, आणि आज "बिल्डरकडे खंडणी मागितली, दोघांना अटक". शब्द तोच, फक्त राजाच्या दरबारातून क्राईम ब्रांचच्या प्रेसनोटमध्ये आला. म्हणजे ब्लॅकमेलचा मूळ अर्थ मराठीत सांगायचा तर तो खंडणी हाच आहे, आणि आज आपण ज्याला ब्लॅकमेल म्हणतो त्याला मराठीत एकशब्दी नाव नाहीच, म्हणून तर इंग्रजी शब्द चिकटला.

स्पॅनिशचा चान्ताखे आलाय फ्रेंचमधून. फ्रेंचमध्ये ब्लॅकमेल करणे म्हणजे एखाद्याला गायला लावणे. गायला म्हणजे बोलायला, कबूल करायला. चोरांच्या भाषेत गाणं म्हणजे कबुली, आपल्याकडे दोन फटके पडले की "पोपटासारखा बोलायला लागला" म्हणतात तसं. स्पॅनिशमध्ये पण गाणे, म्हणजे कान्तार, याला कबुली देणे असा चोरटा अर्थ आहेच आणि जुना आहे. सेर्वान्तेसच्या दोन किखोते या कादंबरीत (इंग्रजीतून आपण डॉन क्विक्झोट म्हणतो ती), १६०५ च्या पहिल्या भागात, बेड्या घालून नेत असलेल्या कैद्यांमधला एक जण गायक असल्यामुळे शिक्षा झाली असं दोन किखोतेला सांगतात, त्याला काही कळेना की गाणं म्हटल्याबद्दल कुणाला शिक्षा कशी होईल, मग पहारेकरी उलगडा करतो की हा छळ सहन न होऊन गायला, म्हणजे कबूल झाला. आणि गुन्हा काय, तर जनावरं चोरणं. इकडे पण गुरंच!

स्पॅनिशमधला दुसरा मोठा शब्द एक्स्तोर्सिओन. लॅटिनमध्ये त्याचं मूळ पिरगळण्याचं, पिरगळून बाहेर काढणं. म्हणजे एकीकडे गायला लावतात, दुसरीकडे पिरगळतात, आणि आपण मराठीत पैसे उकळतो. ही तीन चित्रं डोक्यात ठेवा, कुठला शब्द कधी हे त्यावरूनच बरंचसं कळतं.

मग निवडायचं कसं

मी एकच प्रश्न विचारते, धमकी देणाऱ्याने हातात काय धरलंय? किती पैसे मागतोय, कोण आहे, फोनवर आहे का समोर, हे सगळं नंतर.

हातात गुपित असेल, फोटो, चॅट, लफडं, जुनी केस, जे बाहेर आलं तर अब्रू जाईल, तर चान्ताखे. इथे तो माणूस तुम्हाला हातही लावत नाही, फक्त "सांगू का?" एवढंच म्हणतो.

हातात तुमचा जीव, दुकान, ट्रक, पोरं असतील, म्हणजे पैसे दे नाहीतर काच फोडतो, गोळी घालतो, तर एक्स्तोर्सिओन. दुकानदाराकडून दर महिन्याला घेतात तो हप्ता याच्यात. बातम्यांमध्ये लॅटिन अमेरिकेत हाच शब्द जास्त दिसेल आणि तिकडे गुपिताची धमकीपण बऱ्याचदा याच्यातच ढकलतात, त्यामुळे सगळंच गोंधळाचं असेल तर एक्स्तोर्सिओन लिहिणं जरा सेफ. मात्र आईच्या रुसण्याला एक्स्तोर्सिओन म्हणू नका, आई तुरुंगात जाईल.

हातात माणूसच असेल, म्हणजे अपहरण करून पैसे, तर मागितलेल्या रकमेला रेस्काते म्हणतात. इथे एक खड्डा आहे, रेस्काते म्हणजे खंडणीची रक्कमपण आणि सुटकापण, दोन्ही. हेडलाईनमध्ये रेस्काते दिसलं की लगेच "सुटका झाली" असं करू नका, पुढचं वाक्य वाचा, पैसे पागार म्हणजे दिले असं असेल तर ती खंडणी. कॉम्प्युटरच्या फाईली लॉक करून पैसे मागतात त्याच्या रकमेलाही रेस्कातेच.

आणि हातात फाईल असेल, सरकारी, सही बाकी असलेली, तर ते ब्लॅकमेल नाही, ती लाच, सोबोर्नो. मेक्सिकोत बोलताना मोर्दीदा म्हणतात, शब्दशः चावा, तो घेतला म्हणजे लचका तोडला. अर्जेंटिना, चिली, पेरू तिकडे कोईमा. आपण रागात "क्लार्क ब्लॅकमेल करतोय" म्हणतो ना, ते स्पॅनिशमध्ये नेताना आधी मनात मराठी दुरुस्त करा.

राहिलं भावनिक ब्लॅकमेल. ते अगदी सोपं, चान्ताखे एमोसिओनाल, आपल्यासारखंच. घरात तर नुसतं "नो मे आगास चान्ताखे" म्हणतात, म्हणजे मला ब्लॅकमेल करू नकोस. आगासच्या स्पेलिंगच्या सुरुवातीला एच आहे पण तो मुका.

हप्त्याची गल्लोगल्ली नावं

हा भाग मला सगळ्यात आवडतो. हप्त्याला प्रत्येक देशात वेगळं नाव आहे आणि पुस्तकात ती फारशी सापडत नाहीत. मेक्सिकोत देरेचो दे पीसो किंवा कोब्रो दे पीसो, पीसो म्हणजे पायाखालची जागा, म्हणजे तू इथे उभा राहून धंदा करतोस त्याचा हक्काचा पैसा, जागेचा हप्ता. कोलंबिया आणि इक्वेडोरमध्ये बाकूना, म्हणजे चक्क लस! गुरं पाळणाऱ्याने ही लस टोचून घेतली की गुरांना "रोग" होत नाही, असा तो क्रूर विनोद. पेरूमध्ये कूपो, म्हणजे वाटा. होंडुरासमध्ये इम्पुएस्तो दे गेर्रा, युद्धकर. स्पेनमध्ये बास्क भागात एता ही संघटना उद्योजकांकडून पैसे घ्यायची त्याला इम्पुएस्तो रेबोलुसिओनारिओ म्हणायचे, क्रांतिकर. आणि एल साल्वाडोरमध्ये टोळ्यांच्या हप्त्याला नाव काय, तर ला रेन्ता. भाडं!

म्हणजे बघा, स्कॉटलंडचा मेल, आपला खंड आणि साल्वाडोरची रेन्ता. एकमेकांशी काही संबंध नसताना तिघांनी लुटीला भाडंच म्हटलंय, लुटणाऱ्यालाही आपण मालक आहोत असं वाटायला आवडत असणार.

कामाचं सांगायचं तर भाषांतरात हे शब्द दिसले की डिक्शनरीतला अर्थ उचलू नका, एका मुलाने माझ्याकडे "गुंडांनी बसवाल्याकडे लसीची मागणी केली" असं आणलं होतं, मी बराच वेळ हसले आणि मग मला काळं पाकीट आठवलं. मराठीत सरळ हप्ता लिहा, आणि उलट जाताना देश माहीत नसेल तर एक्स्तोर्सिओनवर थांबा, उगाच कोलंबियाचा शब्द स्पेनच्या माणसाच्या तोंडी घालू नका.

उच्चार आणि वाक्य

चान्ताखेमधला च हा चहातला च, चमच्यातला नाही, हे मराठी माणसालाच सांगावं लागतं कारण आपल्याकडे दोन च आहेत आणि दोन्ही एकाच अक्षराने लिहितो. त मऊ, ताकातला. इंग्रजीसारखा ट केलात की लगेच परके वाटता. जे चा ख म्हणजे आपला खरा ख नव्हे, घसा खाकरताना हवा घासून येते तो. स्पेनमध्ये जोरात, कोलंबियात किंवा क्युबात इतका हलका की चान्ताहे ऐकू येईल. जोर मधल्या ता वर. आणि शब्द पुल्लिंगी, एल चान्ताखे, शेवटी आखे येणारे शब्द पुल्लिंगीच असतात, एल बियाखे म्हणजे प्रवास, एल मेन्साखे म्हणजे निरोप. चान्ताखिस्ता मात्र बाई असो की पुरुष तसाच राहतो, फक्त पुढे एल नाहीतर ला.

एक वाक्य हातात घेऊन करू. "तो मला जुन्या फोटोंवरून ब्लॅकमेल करतोय, पन्नास हजार मागतोय." नवीन माणूस इथे "वरून" ला अडकतो, सोब्रे की दे की काय. उत्तर आहे कोन, म्हणजे "ने, सोबत". ज्या हत्याराने धमकावतोय त्याला कोन लागतो. मे एस्ता चान्ताखेआन्दो कोन ऊनास फोतोस आन्तीग्वास, मे पीदे सिन्क्वेन्ता मील रूपियास. मे म्हणजे मला, ते आधीच आलं आणि सुटलं. दुसरी अडचण "मला ब्लॅकमेल केलं जातंय" ची, इंग्रजीच्या सवयीने पॅसिव्ह करायला जाल तर व्याकरणात बसेल पण कोर्टात उभं राहिल्यासारखं वाटेल. स्पॅनिश माणूस आपल्यासारखंच म्हणतो, मला ब्लॅकमेल करतायत, मे एस्तान चान्ताखेआन्दो, कोण ते सांगायची गरज नाही.

धमकी देणे म्हणजे आमेनासार, त्यालाही कोनच. मे आमेनासान कोन पुब्लिकार मिस फोतोस सी नो पागो, पैसे दिले नाहीत तर माझे फोटो टाकायची धमकी देतायत. हे वाक्य पाठ करून ठेवा, खरंच. आणि बळी न पडणे यासाठी सेदेर, नो बोय आ सेदेर आल चान्ताखे, मी या ब्लॅकमेलला बधणार नाही. स्पेनमध्ये सेदेर नाही, थेदेर ऐकाल.

कागदपत्रं करत असाल तर

इथे जरा सावकाश, कारण कायद्यात डबे अजून कडक आहेत. आपल्याकडे ब्लॅकमेल नावाचा वेगळा गुन्हाच नाही, ते सगळं खंडणीच्या कलमात येतं, आधी भारतीय दंड विधानाची ३८३-३८४, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ३०८. त्या कलमातलं पहिलंच उदाहरण बघा, पैसे दे नाहीतर तुझ्याबद्दल बदनामीकारक मजकूर छापतो. म्हणजे चक्क ब्लॅकमेल, आणि त्याला नाव एक्स्टॉर्शनचं. कायद्याच्या मराठी भाषांतरात त्याला बलाद्ग्रहण असा शब्द आहे, जो पोलीस सोडा, वकीलपण मोठ्याने म्हणत नाहीत.

स्पेनच्या १९९५ च्या दंडसंहितेत मात्र हे दोन वेगळ्या प्रकरणांत बसलेत. खाजगी आयुष्यातली किंवा घरातली, लोकांना माहीत नसलेली गोष्ट फोडायची धमकी देऊन पैसे किंवा मोबदला मागणं हे कलम १७१ मध्ये, धमक्यांच्या प्रकरणात, वकील यालाच चान्ताखे म्हणतात. मागितलेलं सगळं किंवा थोडं मिळालं असेल तर २ ते ४ वर्षं कैद, काहीच मिळालं नसेल तर ४ महिने ते २ वर्षं. एक्स्तोर्सिओन कलम २४३ मध्ये, मालमत्तेच्या गुन्ह्यांत, मारहाण किंवा दहशतीने एखाद्याला त्याच्या नुकसानीचा व्यवहार करायला लावणं, १ ते ५ वर्षं. म्हणजे आपल्या ३०८ च्या एफआयआरचं स्पॅनिश करताना डोळे मिटून एक्स्तोर्सिओन लिहिलंत तर स्पॅनिश वकील विचारणार, मारहाण कुठे आहे? मी अशा वेळी गुन्ह्याचं नाव एक्स्तोर्सिओन ठेवते कारण भारतीय कायद्याने तेच नाव दिलंय, आणि खाली टीपेत लिहिते की घडलेला प्रकार तुमच्याकडच्या चान्ताखेसारखा आहे. लांबतं, पण वकिलाचा फोन येत नाही.

त्याच १७१ मध्ये अजून एक सोय आहे जी फार थोड्यांना माहीत असते. "तू केलेला गुन्हा पोलिसांना सांगतो" अशी धमकी असेल, तर तो गुन्हा २ वर्षांपेक्षा जास्त कैदेचा नसेल तर सरकारी वकील तो बाजूला ठेवू शकतो, म्हणजे बळी माणसाने स्वतःच्या भीतीपोटी गप्प बसू नये. १६०१ च्या त्या शेतकऱ्याला हे मिळालं असतं तर बरं झालं असतं.

आणि हे नुसतं शब्दांचं कुतूहल नसेल, खरंच कुणी अडकलं असेल, तिकडे शिकायला गेलेला भाचा वगैरे, तर शब्द लागतो देनुन्सिया. किएरो पोनेर ऊना देनुन्सिया, मला तक्रार नोंदवायची आहे. स्पेनमध्ये नॅशनल पोलीस ०९१, सिव्हिल गार्ड ०६२, तातडीचा ११२, आणि ऑनलाईन भानगडींचा सल्ला ०१७ वर मिळतो. स्पॅनिश येत नसेल तर दुभाषा मागायचा, तो पीडिताचा हक्क आहे, २०१५ च्या कायद्यात लिहिलाय. न्यूड व्हिडिओ कॉलवाल्या प्रकाराला तिकडे सेक्सतोर्सिओन म्हणतात. भारतात असाल तर सायबर हेल्पलाईनचा नंबर १९३०. पैसे पाठवू नका, चॅट डिलीट करू नका, स्क्रीनशॉट ठेवा, समोरच्याचं स्पॅनिश तुटकं असलं तरी जसंच्या तसं ठेवा, दुरुस्त करून नाही.

आता राहिली ती डिलिव्हरीवाल्याची तक्रार. परवा एका मुलीला हेच वाक्य सरावाला दिलं तर तिने छान चान्ताखेआन्दो लिहून आणलं, बोलण्यात चालून जाईल, मी अर्धा मार्क कापला. कारण हातात काय धरलंय? गुपित नाही, जीव नाही, फक्त पार्सल. तक्रारीच्या फॉर्ममध्ये आज मी लिहीन मे कोन्दिसिओना ला एन्त्रेगा आ के ले पोन्गा सिन्को एस्त्रेयास, पाच स्टार दिले तरच पार्सल देतो म्हणतोय. तिने विचारलं, मग तुम्ही तेव्हा काय लिहिलं होतं? मी म्हटलं, चहा घे.